कुठपर्यंत आलास?

जानेवारी लागला की मला बोलावणी सुरू होतात. रस्ता सुरक्षा अभियान पूर्वी आठवड्याचं असायचं, २०२१ मध्ये ते पहिल्यांदा महिन्याचं झालं. एसटीतला निवृत्त चालक-प्रशिक्षक जवळपास मोकळाच आहे म्हटल्यावर शाळा, कॉलेजं, साखर कारखाने, रिक्षा संघटना, एखादं तरुण मंडळ, सगळ्यांनाच आठवण होते. कार्यक्रम ठरलेला. नारळ, सत्कार, वीस मिनिटं माझं भाषण आणि शेवटी शपथ. उजवा हात पुढं करून पोरं खणखणीत आवाजात म्हणतात, वाहन चालवताना मोबाइल वापरणार नाही. डाव्या हातातला मोबाइल त्याच वेळी शपथेचा व्हिडिओ काढत असतो.

शपथेला माझा विरोध नाही. तेवढ्यानं काम भागलं असं आयोजक समजतात, त्याला आहे.

आयोजकांची दुसरी आवड म्हणजे अपघाताचे फोटो. 'सर, जरा भडक दाखवा, पोरांना धाक बसला पाहिजे.' मी फोटो दाखवत नाही. समोर बसून पाहिलेलं आहे, पुढच्या रांगेतल्या मुली मान खाली घालतात, मागची टोळी पडद्याचाच फोटो काढून ग्रुपवर टाकते आणि उरलेले सगळे मनात म्हणतात, हा कुणीतरी भलता बेफिकीर माणूस होता. फोटोतला माणूस कायम दुसराच असतो. त्यातून कुणाच्या हातातला फोन खिशात जात नाही.

मी त्याऐवजी मैदान मागतो आणि पोतंभर फक्की.

व्यावसायिक गाडीला ताशी ८० किलोमीटरला वेगनियंत्रक बसवायचा नियम आहे, म्हणून मी हिशेब ८० चा धरतो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. साधी एसटी अकरा-बारा मीटर लांब असते, म्हणजे 'एक' म्हणून होईपर्यंत दोन गाड्यांएवढा रस्ता मागं पडलेला असतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेनं ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे लावून चालकांची नजर कुठं कुठं जाते ते तपासलं होतं. २००९ साली त्यांनी जे निष्कर्ष मांडले, त्यानुसार मेसेज लिहिणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांपैकी साडेचार सेकंदांहून जास्त वेळ रस्त्यावर नव्हती, आणि अपघात किंवा थोडक्यात हुकलेला अपघात घडण्याचा धोका तेवीस पट झाला होता. साडेचार सेकंद गुणिले बावीस. शंभर मीटर.

हे फळ्यावर लिहिलं की पोरं वहीत उतरवून घेतात आणि संपलं. म्हणून मैदानावर शंभर मीटर मोजून दोन टोकांना फक्कीच्या आडव्या रेघा मारायच्या. एका मुलाला अलीकडच्या रेघेवर उभं करायचं आणि सांगायचं, डोळे मिट आणि पलीकडच्या रेघेपर्यंत चालत जा. पळायचं नाही, नेहमीसारखं चालायचं. वाटेत काही नाही, दगड नाही, खड्डा नाही, मैदान सपाट आहे. पहिली दहा पावलं तो ऐटीत टाकतो. मग हात आपोआप थोडे पुढं येतात. पावलं आखूड होतात. वीस-पंचवीस पावलांच्या आत तो डावीकडं किंवा उजवीकडं सरकलेला असतो आणि त्याला ते कळलेलं नसतं. तिसाव्या पावलाच्या आसपास बहुतेक जण डोळे उघडतात. एका कॉलेजात असाच एक धिप्पाड पोरगा थांबला, पैलवान असावा. का उघडलेस म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'पुढं कोण आलं नाही ना, बघत होतो.' मैदान रिकामं होतं, हे त्याला माहीत होतं. तो माणसाच्या पायांनी चालत होता, ताशी चार-पाच किलोमीटरनं. मी त्याला फक्त एवढंच विचारलं की मेसेज बघताना तुझी गाडी याच अंतरात एकटी जाते, तेव्हा तिथं कोण आलं नाही हे कोण बघतं? त्यानं उत्तर दिलं नाही, पण पुढचे चार जण त्यानं स्वतः हाताला धरून रेघेवर आणले.

कॉलेजच्या पोरांना एवढं पुरतं. चालकांना नाही. चालकांच्या वर्गात हमखास एक जण उभा राहतो आणि म्हणतो, 'सर, आम्ही फोनकडं बघतच नाही. कानात असतंय. दोन्ही हात स्टेअरिंगला.' बाकीचे माना हलवतात. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं मिटलेला असतो, कारण पोलीस हात बघतात, कायदाही हातातल्या उपकरणाबद्दल बोलतो, आणि नव्या गाड्यांत तर कंपनीच फोन स्टेअरिंगला जोडून देते. कंपनीनं दिलंय म्हणजे ते सुरक्षितच असणार, असा सरळ हिशेब.

यासाठी दुसरी रेघ. ही उभी, पन्नासेक मीटर लांब. सगळ्यात जुन्या, सगळ्यात मुरलेल्या चालकाला बोलवायचं. ज्याला बाकीचे 'आण्णा' म्हणतात असा एखादा असतोच. डोळे उघडे, हात मोकळे, फक्त रेघेवरून नेहमीच्या चालीनं चालायचं आणि चालता चालता मोठ्यानं शंभरातून सात सात वजा करत जायचं. आण्णा निघतात. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी म्हणताना चाल मंद होते. बहात्तर. मग आण्णा चक्क उभे. ओठ हलताहेत, नजर समोर आहे, पण ते समोर काही बघत नाहीत हे लांबूनही दिसतं. एव्हाना मी एकाला त्यांच्या पुढून डोक्यावर टोपी उलटी घालून जायला सांगितलेलं असतं. आण्णा पासष्टवर पोचतात, पुन्हा चालू लागतात. शेवटी विचारायचं, 'आण्णा, थांबलात का?' 'थांबलो? कुठं थांबलो?' 'आणि मधनं कोण गेलं?' 'कोण नाही.' मग जो हशा होतो, त्यात आण्णाही सामील होतात, पण कानात दोन्ही बाजूंनी यंत्र अडकवून बसलेला तो पहिला गडी हसत नाही.

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, हे मी त्यांना सांगतो. कुणी बरोबर वजाबाकी करत सरळ चालतही जातो, विशेषतः पूर्वी कंडक्टर असलेला. शास्त्रीय काम दुसऱ्यांनी केलेलं आहे. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर या मानसशास्त्रज्ञानं २००१ मध्ये सहकाऱ्याबरोबर दाखवून दिलं की फोनवर बोलणाऱ्याला सिग्नल अधिक वेळा दिसतच नाही, दिसला तर पाय ब्रेकवर उशिरा जातो, आणि फोन हातात आहे की कानात, यानं त्यात फरक पडत नाही. त्याआधी १९९७ मध्ये टोरंटोच्या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या चालकांची फोनची बिलं काढून वेळा ताडून पाहिल्या. बोलताना धोका चौपट, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनाचा काही फायदा दिसला नाही. तेव्हा आपल्याकडं मोबाइलवर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. म्हणजे ही गोष्ट माहीत होऊन किती काळ लोटला बघा.

स्ट्रेयर यांचीच आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ती चालकांना सगळ्यात जास्त लागते. फोन ठेवल्यावर डोकं लगेच रस्त्यावर येत नाही. २०१५ साली त्यांनी गाडीतल्या बोलून चालवायच्या यंत्रणा तपासल्या, तेव्हा काही यंत्रणांच्या बाबतीत काम संपल्यावरही सत्तावीस सेकंदांपर्यंत मन पूर्ण परतलेलं नव्हतं. ताशी ४० च्या वेगानं गावातून जाताना सत्तावीस सेकंदांत तीनशे मीटर होतात. शाळा, एसटी स्टँड आणि बाजारपेठ त्यात सहज बसते. बायकोशी पैशावरून वाजलं असेल तर सत्तावीस सेकंदांत कुणाचं डोकं शांत झालेलं मी तरी पाहिलं नाही.

इथं कुणीतरी विचारतंच, मग शेजारच्या माणसाशीही बोलू नये का? प्रश्न चांगला आहे. एसटीच्या केबिनपाशी मास्तर, म्हणजे कंडक्टर, येऊन उभा राहायचा, तंबाखू मळत जगाच्या गप्पा व्हायच्या. पण पुढं बैलगाडी दिसली, घाटातलं वळण आलं की मास्तर अर्धं वाक्य तसंच सोडून द्यायचा. त्याला कुणी सांगावं लागायचं नाही, कारण त्यालाही तीच बैलगाडी दिसत होती. फोनवरच्या माणसाला तुमची बैलगाडी दिसत नाही. तो बोलतच राहतो, आणि तुम्ही गप्प झालात तर 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' करून तुम्हाला परत ओढतो. मास्तरच्या दोरीची घंटाही आठवते. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. घंटेला उत्तर द्यावं लागत नाही. आजवर माणसानं चालकाला निरोप द्यायची जेवढी साधनं काढली, त्यात ती दोरी मला सर्वांत शहाणी वाटते.

दुचाकीवाल्यांचं मी थोडक्यात उरकतो, कारण त्यांचं सगळं रस्त्यावर उघडं दिसतं. खांदा आणि कान यांच्यात फोन धरून मान वाकडी करून जाणारे. नवऱ्याच्या कानाला मागून फोन धरून बसलेली बायको, कडेवर पोर. आणि हेल्मेटच्या आत फोन कोंबणारे. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं, म्हटलं चला, या निमित्तानं तरी हेल्मेट आलं.

आता कागदाबद्दल. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, महाराष्ट्रात १५ हजारांच्या वर. केंद्राच्या त्या वर्षीच्या अहवालात अपघातांची कारणं दिलेली असतात. अतिवेगाच्या नावावर सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू आहेत आणि मोबाइलच्या नावावर जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. हा आकडा दाखवून एका सभेत एका वकिलानं मला विचारलं होतं की मग तुम्ही एवढं रान कशाला उठवताय. त्याला मी सांगितलं, वकीलसाहेब, फिर्यादीचा मजकूर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलाय. 'आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने चालवून' हे वाक्य छापील असल्यासारखं प्रत्येक कागदात असतं. पूर्वी दंड संहितेचं कलम २७९ आणि ३०४-अ लागायचं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २८१ आणि १०६ लागतं, वाक्य तेच आहे. त्या 'हयगयी'त फोन होता का, हे शोधायला कंपनीकडून कॉलचा तपशील मागवावा लागतो, वेळा जुळवाव्या लागतात. चालक गेलेला असेल तर कुणाविरुद्ध सिद्ध करायचं म्हणून तेही होत नाही. सिग्नलला उभा राहून कुणी 'मी मेसेज बघत होतो' असं लिहून देत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे, २०१९ च्या दुरुस्तीत हातातला फोन त्यात स्पष्ट लिहिला गेला, दंड पाच हजारांपर्यंत, तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दहा हजार. पण ते जिवंत सापडलेल्यांसाठी.

फोनचा खरा साक्षीदार पोलिसांच्या कागदात नसतो. तो घरात असतो.

हे मला फार उशिरा, म्हणजे निवृत्तीनंतर कळलं, आणि तेही एका बचत गटाच्या बैठकीत. भाषण झाल्यावर बायका चहाला उठल्या, एक मात्र खुर्चीवरच बसून राहिली. जवळ गेलो तेव्हा म्हणाली, 'भाऊ, तुम्ही सगळं गाडी चालवणाऱ्यालाच सांगितलं. फोन करणाऱ्याला काहीच नाही सांगितलं.' तिचा दीर टेम्पो चालवायचा. रात्री भाजी घेऊन मार्केटला जाताना अपघात झाला. रस्त्यावर जमलेल्यांपैकी कुणीतरी त्याचा फोन उचलला आणि घरच्यांना कळवावं म्हणून वरचाच नंबर लावला. तो तिचा होता. दोघांचं बोलणं मधेच तुटलं होतं, तिला वाटलं होतं रेंज गेली. पोरीच्या शाळेच्या फीचं बोलणं चाललं होतं. सकाळी बोललं असतं तरी चाललं असतं, असं ती म्हणाली. तिनं हे घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. तिच्यावर ठपका ठेवावा असंही काही नाही, फोन उचलायचा की नाही हे त्याच्या हातात होतं. पण त्यानंतर मी माझ्या बोलण्याची दिशा बदलली. आपली सगळी पत्रकं, सगळे फलक, सगळ्या शपथा चालकासाठी आहेत. जणू फोन आपोआप वाजतो. तो कुणीतरी केलेला असतो, आणि चालत्या गाडीत येणारे बहुतेक फोन एकाच प्रश्नासाठी असतात: कुठपर्यंत आलास? या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी गाडी आधी पोचत नाही.

चालक फोन का उचलतो, हे विचारून बघा. मजा म्हणून, चटक म्हणून उचलणारे आहेतच, रील करणारेही आहेत. एसटी महामंडळाला २०२३ च्या अखेरीस चालकांनी गाडीवर मोबाइल आणि हेडफोन वापरू नयेत असं बजावणारा आदेश काढावा लागला, तो उगीच नव्हे. पण माझ्या वर्गात बसणारे बहुतेक जण उचलतात ते नाइलाजानं. शेठचा फोन आहे. नाही उचलला तर उद्या गाडीवर दुसरा बसेल. घरून आला आणि उचलला नाही तर दर मिनिटाला येत राहील, मग तिसऱ्या मिनिटाला मेहुण्याचा, चौथ्याला शेजाऱ्याचा. घरपोच जेवण नेणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका, त्यांच्या फोनवर नवी ऑर्डर येते ती काही सेकंदांत स्वीकारावी लागते, त्या वेळी पोरगं चौकात आहे की पुलावर, हे त्या फोनला कळायचं कारण नाही.

म्हणून हल्ली मी आयोजकांना विचारतो, चालकांना बोलावलंय ते ठीक, त्यांना फोन करणाऱ्यांना बोलावलंय का? सुरुवातीला हसतात. शाळेच्या व्हॅनवाल्यांसाठी कार्यक्रम होता तेव्हा मी पालकांची सभा लावायला सांगितली. एका व्हॅनमध्ये पंधरा मुलं, म्हणजे पंधरा आया. पाऊस पडत असेल, व्हॅनला दहा मिनिटं उशीर झाला असेल, तर एकामागोमाग पंधरा फोन. 'काका, कुठं आलात?' प्रत्येकीला वाटतं आपण एकदाच केला. मी व्हॅनवाल्या काकांना सांगितलं होतं, त्या आठवड्यातल्या एका दिवसाची आलेल्या फोनांची यादी दाखवा. त्यांनी फोन पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या हातात दिला. त्या बोटानं वर वर सरकवत राहिल्या आणि पडदा काही संपेना. सभागृहात जी शांतता झाली ती माझ्या कुठल्याच भाषणानं झाली नव्हती. मग त्यांनीच ठरवलं, व्हॅनमध्ये एक मदतनीस मावशी आहेत, फोन त्यांना करायचा. काका आपला फोन दप्तरांच्या कप्प्यात टाकतील. हे मला सुचलं नव्हतं.

साखर कारखान्याचं प्रकरण इतकं सरळ गेलं नाही. आमच्या कृष्णाकाठाला हंगामात रस्त्यावर काय चालतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाची वाढं दोन्हीकडनं रस्त्यावर लोंबणारी, मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब, आणि वर कर्णा एवढ्या आवाजात की गाणं आधी येतं आणि ट्रॅक्टर नंतर. मागून हॉर्न देऊन देऊन माणूस दमतो. त्या पोरांना मी कैक वर्षं सांगतोय, आवाज बारीक करा, कान हासुद्धा आरसा आहे. त्यांचं म्हणणं वेगळं असतं. 'सर, रात्रभर खेपा असत्यात. गाणं बंद केलं तर झोप लागतीय.' हे खोटं नाही. झोपेवर गाणं हा उपाय नव्हे, झोप हाच उपाय आहे, हे मी म्हणतो आणि मलाच ते पोकळ वाटतं, कारण खेपांवर पैसे आहेत आणि हंगाम थोड्या महिन्यांचा.

तिथंही मी चालकांऐवजी ऊसतोड मुकादम आणि चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयांची बैठक मागितली. शेती खात्याचे साहेब तयार झाले, गव्हाणीत मोळी पडून हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दुपार मिळाली. मुकादम लोक तोंडावर बोलतात, ते बरं असतं. एक जण म्हणाला, 'मास्तर, फडात तोड झाली आणि गाडी कुठं हाय हेच कळंना, तर टोळी बसवून ठेवायची का? एका टोळीचा दिवस वाया गेला तर भरून कोण देणार?' त्याचं बरोबर होतं. फडावर माणसं खोळंबलेली, काट्यावर रांग, यार्डात नंबर लागतो की जातो याची धास्ती, आणि या सगळ्याच्या मधे रस्त्यावर एकटा पोरगा, ज्याला तिन्हीकडून फोन. बरीच घासाघीस होऊन एवढं ठरलं की ट्रॅक्टरवाल्यानं भरून निघताना एक मिस कॉल द्यायचा, काट्यावर पोचला की एक, आणि रिकामा होऊन निघताना एक. मधल्या वेळात कुणी त्याला फोन करायचा नाही.

पंधरा-वीस दिवस हे चाललं. चांगलं चाललं, पोरंच मला सांगायची. मग तोडीला जोर आला, शेजारच्या कारखान्यानं टोळ्या पळवायला सुरुवात केली आणि मिस कॉलचा हिशेब कोलमडला. शेवटी शेवटी जुनंच सुरू झालं. पण पूर्ण जुनं नाही. पुढच्या हंगामात काही मुकादमांनी मला न विचारता ती पद्धत पुन्हा लावली, कारण त्यांना त्यात आपला फायदा दिसला: गाडी नेमकी कुठं आहे ते तीन ठिकाणांवरून कळतं, आणि रस्त्यातून पोरगं जे सांगायचं ते बहुतेक थापच असायची. 'आलोच, फाट्यावर हाय' म्हणणारा चालक कधीच फाट्यावर नसतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. मला हा सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. जिवाच्या भीतीनं बदललेली सवय महिनाभर टिकते, सोयीची झालेली सवय राहते.

बायकांच्या बैठकीत मात्र फायद्याचं बोलून भागत नाही, तिथं काळजीचा मामला असतो. 'उचलला नाही तर जीव वर-खाली होतो,' असं एकीनं म्हटलं की सगळ्या हो म्हणतात. पूर्वी मुक्कामाच्या गाडीवर गेलेला आमचा एसटीतला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दारात दिसेपर्यंत घरात काही कळायचं नाही, तेव्हाही काळजी होतीच, पण ती करायला काही साधन नव्हतं. आता साधन आहे आणि काळजी हातातच येऊन बसली आहे. मी त्यांना फोन करू नका असं सांगत नाही. एक फोन करा आणि 'गाडी चालवतोयस का?' हा पहिला प्रश्न विचारा. 'हो' आलं की ठेवून द्या, बाकी काही बोलू नका, एवढंच मागतो. फोनमध्ये गाडी चालवताना आवाज बंद ठेवायची आणि आपोआप निरोप पाठवायची सोय असते, ती पोरांकडून लावून घ्या म्हणतो. ती लावलेली मी फार कमी फोनांत पाहिली.

मागच्या वर्षी अशाच बैठकीत एक आजी उठल्या. नातू कंपनीच्या बसवर. त्या म्हणाल्या, 'आम्ही नाही करत फोन. पर त्याला बी सांगा, गाडी थांबली की त्यानं करायचा. च्या प्यायला थांबतोय न्हवं? मग च्याच्या आधी आजीला फोन.' बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागणी रास्त होती, म्हणून पुढच्याच आठवड्यात चालकांच्या वर्गात मी ती जशीच्या तशी ठेवली. थांबल्यावर आधी घरी फोन, मग चहा; त्या बदल्यात रस्त्यात कुणी छळणार नाही, असा करार.

सगळे गप्प बसले. मग मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, 'सर, आम्ही करतोय ओ. संध्याकाळी साडेसातला थांबा असतोय. त्या वेळेला घरात कुणीच उचलत न्हाईत. मालिका चालू असत्यात.'